गोड्या पाण्याचा कोपरा

तांडेल माझ्या हातचा चहा पहिल्यांदा प्यायले तेव्हा आमची ओळख होऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधी दर वेळी ते कप नाकाजवळ न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि "नको बाई, आत्ताच झाला," म्हणून खाली ठेवायचे. झालेला कधीच नसायचा. आमच्या नाटक कंपनीचे कप कुठल्या बादलीत विसळले जातात ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं, आणि एकदा पाहिलेली घाण ते विसरत नसत.

तांडेल म्हणजे शिडाच्या होडीवरचा मुख्य माणूस. वर्षातले चार महिने समुद्र खवळलेला असे, होड्या आतल्या गोदीत बांधून पडलेल्या असत, आणि नेमका तोच आमच्या नाटकांचा हंगाम. राजवाडा वर उचलून जंगल खाली सोडायला दोर जाणणारी माणसं लागत. म्हणून आमच्या रंगमंचावर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या उंच फळ्यांवर, खलाशी काम करायचे. बाकीचे मजेत यायचे. हे मात्र आत शिरले की आधी नाक मुरडायचे. टोपांची पेटी उघडली की यांना मळमळायचं. "कुणाचे केस, कुणाचा घाम, आणि कुणाच्या डोक्यावर," असं म्हणून ते काठीने पेटीचं झाकण लावायचे. बंदरात त्यांचं नावच नाकमुरड्या पडलं होतं. तोंडावर तांडेल, पाठ फिरली की नाकमुरड्या.

त्या नाकाने एकदा आमचं थिएटर वाचवलं. भरल्या प्रयोगात मी मरणाच्या प्रवेशात आडवी पडले होते. वरून आवाज आला, "बाई, उठा. काहीतरी जळतंय." मी मेलेली असल्यामुळे उठले नाही. त्यांनी सरळ पडदा पाडला. मालक शिव्या देत धावत आले, तोवर तांडेल मागच्या भिंतीला नाक लावून पुढे पुढे सरकत होते. एका फळीमागे विजेची तार तापून काळी पडली होती. धूर अजून निघालाही नव्हता. मालकांनी भारावून त्यांचा हात हातात घेतला, तर हे अंग चोरून म्हणाले, "हात धुतलेत का?"

आमचे कपडे शिवणाऱ्या बाईशी त्यांचं लग्न झालं. तिच्या हातांना कायम साबणाचा वास यायचा, तेवढ्यावर त्यांनी मागणी घातली असं ती हसून सांगायची. ती माझी जिवाभावाची मैत्रीण. आणि तिच्याबरोबर, आंदण दिल्यासारखा, तिचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे गबाळ्या म्हणत, आणि तो ओ देत असे.

गबाळ्याबद्दल खोटं लिहायला मला आवडलं असतं. पण तो तोंड उघडं ठेवून खायचा. आत काय चाललंय ते समोरच्याला सगळं दिसायचं. हात सदऱ्याला पुसायचा, सदरा कशालाच पुसायचा नाही. मासळीची टोपली उचलली त्याच हाताने पाव मोडायचा, तोच अर्धा पाव प्रेमाने पुढे करायचा, आणि घेतला नाही तर त्याला खरंच वाईट वाटायचं. तीस वर्षं हे दोघे मेहुणे एका होडीवर राहिले. होडी जेमतेम बारा पावलं लांब. मागे उजवीकडे, सुकाणूजवळ, तांडेलांचा कोपरा: बसायची एक फळी, तिच्याखाली गोड्या पाण्याची नळ लावलेली टाकी, साबणाची डबी, खुंटीवर पांढरा पंचा. दोराला हात लावला की हात धुणं. शिडाला हात लावला की हात धुणं. गबाळ्याने काही दिलं तर दोनदा. समुद्राच्या पाण्याने धुवायचे नाहीत, अंग चिकट होतं, आणि शिवाय "त्यात मासे काय काय करतात ते मला माहीत आहे." पुढे डावीकडे गबाळ्याची जागा. तिथली फळी माशाच्या तेलाने काळी कुळकुळीत झाली होती, तिला खवले चिकटलेले, आणि उन्हात ती घाम आल्यासारखी चमकायची. तीस वर्षांत तांडेल त्या फळीवर एकदाही टेकले नाहीत.

मधे बसायची माझी मैत्रीण, शीड शिवत. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मधली जागा रिकामी झाल्यावर दोघांच्या बोलण्यातले चार शब्दही गेले.

मागच्या वर्षी बंदराच्या कचेरीने आतल्या गोदीत नोटीस लावली. गोदी भरून तिथे गोदामं होणार. पडून राहिलेल्या होड्या महिनाअखेरीपर्यंत हलवा, नाहीतर यंत्राने मोडून टाकू. तांडेलांच्या होडीला इंजिन नव्हतं. त्या धुराने ओकारी येते म्हणून त्यांनी ते कधी बसवलंच नव्हतं. गोदीच्या तोंडाशी गाळ साचलेला, त्यामुळे शिडाची जड होडी फक्त उधाणाच्या मोठ्या भरतीला बाहेर निघू शकत होती, आणि महिनाअखेरीआधीची शेवटची मोठी भरती शुक्रवारी दुपारी होती. त्यांची लेक किनाऱ्याने चार दिवस खाली, दुसऱ्या एका बंदरात, नवऱ्याबरोबर होड्या बांधायची शेड चालवते. तिने निरोप धाडला: बाबा, घेऊन या, इथे जागा आहे.

म्हणजे शुक्रवारी निघाली तर होडी राहणार, नाही निघाली तर तिचं सरपण होणार. इतकं सरळ होतं.

सोमवारी तांडेल मला घेऊन कचेरीत गेले. बाहेर जायच्या परवान्यावर तीन खलाशी लागतात. तिथला कारकून बोट जिभेला लावून कागद उलटत होता. एक कागद, एक थुंकी. तांडेल त्या बोटाकडे असे बघत होते जसं काही ते बोट त्यांच्या ताटात येणार आहे.

"तीन नावं," कारकून म्हणाला.

"मी, माझा मेहुणा आणि या बाई."

कारकुनाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं वय तेव्हा एकाहत्तर. "यांना पोहता येतं?"

"एका नाटकात मी बुडाले होते," मी म्हणाले. "शंभराच्या वर प्रयोग झाले."

"यांचं काम काय लिहू?"

"स्वयंपाक," तांडेल म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "भांडी मी घासेन. तुम्ही नुसतं शिजवा."

बंदरातला दुसरा एकही माणूस त्यांच्याबरोबर यायला तयार नव्हता. प्रत्येकाच्या तोंडावर त्यांनी कधी ना कधी नाक मुरडलेलं होतं. मी हो म्हटलं ते मैत्रिणीसाठी, आणि थोडंसं यासाठीही की कुणीतरी मला अजून भूमिका देत होतं. कारकुनाने शिक्का मारला, जिभेला बोट लावलं आणि परवाना वेगळा काढून दिला. तांडेलांनी तो कोपऱ्याला धरून घेतला आणि वाळेपर्यंत खिशात घातला नाही.

मंगळवारी तयारी सुरू झाली. होडी चार वर्षं हलली नव्हती. वरून ती झोपलेल्या म्हाताऱ्या गाईसारखी शांत दिसत होती. आत काय होतं ते मी सांगते, वाचणाऱ्याने जेवण आटपून घ्यावं. पायाखालच्या फळ्या उचलल्या तेव्हा तळाशी पाणी नव्हतं, रस होता. काळा, जाड, वर रंगीत साय धरलेला. त्यात दोन मेलेले उंदीर, एक चप्पल, कुणीतरी वरून टाकलेली पावाची पिशवी, आणि पाय हलवणारं इतकं काही की मी नजर वळवली. वास आला तो नाकाला नाही आला, डोळ्यांना आला. गबाळ्या गुडघ्यापर्यंत त्यात उतरला आणि बादल्या भरून देऊ लागला. मधेच थांबून, त्याच हातांनी, त्याने खिशातला उकडलेला बटाटा काढून खाल्ला.

तांडेल धक्क्यावर जाऊन ओकून आले. मग कोपऱ्यात हात धुतले, तोंड धुतलं, परत हात धुतले.

"भाऊजी, अर्धा बटाटा आहे," गबाळ्या म्हणाला.

"मर."

"खाऊन मरतो."

बुधवारी दोर पाहिले. तांडेल प्रत्येक दोर पीळ उलगडून आतून हुंगत होते. वरून धडधाकट दिसणारे दोन दोर त्यांनी आतून कुजलेत म्हणून फेकले. शीड पसरलं. त्याच्या मधोमध माझ्या मैत्रिणीने लावलेलं ठिगळ होतं, आमच्या जुन्या पडद्याच्या जाड कापडाचं. त्यावर रंगवलेली राजवाड्याची खिडकी अजून ओळखू येत होती. ओल लागली की त्या रंगातल्या सरसाचा घाणेरडा वास सुटायचा. मी म्हटलं, "नवं ठिगळ लावू का? तिच्याकडूनच शिकलेय."

"नको," ते म्हणाले. "तेवढा वास मी सोसतो."

गुरुवारचं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि ते तांडेलांनी आयुष्यभर प्रत्येक सफरीआधी केलेलं होतं. होडी रिकामी झाली, तळ दोन दिवस मिटून ठेवला की ते एकटे आत उतरायचे. वरच्या फळ्या बंद करायला लावायचे आणि अंधारात पोटावर सरकत, पुढच्या टोकापासून मागपर्यंत, होडीचा वास घ्यायचे. आंबट वास म्हणजे नुसतं साचलेलं पाणी. ताजा खारा वास म्हणजे कुठेतरी सांधा गळतोय. आणि गोडसर, नासलेल्या सफरचंदासारखा वास आला तर लाकूड कुजलंय. तिथे फळी बदलल्याशिवाय निघायचं नाही. किळस येणाऱ्या माणसानेच हे काम करायला हवं, असं ते म्हणायचे, कारण ज्याला घाण चालते त्याला फरक कळत नाही. त्यांच्या होडीतून कधी कुणी बुडालं नव्हतं. हे नाक त्यांच्या लेकीलाही आलं होतं. लहानपणी तिला शेजारी घेऊन ते आत उतरत.

त्या सकाळी शेजारच्या धक्क्यावर डांबर उकळत होतं, वर दुसरा कुठलाच वास येत नव्हता. तांडेल उतरले आणि आम्ही फळ्या बंद केल्या. पाव तास होईल, अर्धा तास होईल म्हणून मी पाण्याची घागर भरून ठेवली. दोन मिनिटांत आतून धाडधाड हात आपटले. फळी उचलली तर तांडेल वर आले. डोळे पाण्याने भरलेले, चेहरा पांढरा.

"फिनेल," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी गबाळ्याकडे पाहिलं. गबाळ्या हसत होता. तोंडभर, दात दाखवून, जसं वाढदिवसाला एखाद्याला न सांगता काही आणलंय.

"काल रात्री सगळी घासली," तो म्हणाला. "एकेक बोट जागा. समुद्राचंच पाणी घेतलं, नळापर्यंत कोण हेलपाटे घालणार, पण फिनेल चार बाटल्या ओतलं. अक्का नेहमी म्हणायची, त्यांना आत उतरल्यावर त्रास होतो रे, एकदा तरी घासून दे. मी म्हणायचो, करतो करतो. म्हटलं, ही शेवटची सफर. आता तरी करावं."

तांडेलांनी पंच्याने डोळे पुसले. ते धक्क्यावर गेले आणि लोखंडी खुंटावर बसले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं. तीस वर्षं हा माणूस अंघोळ चुकवतो, आणि ज्या एका दिवशी घाण हवी होती त्या दिवशी हा साफसफाई करतो."

"भाऊजी, मला काय माहीत..."

"बोलू नकोस. तू बोललास की मला तुझे दात दिसतात."

मी त्यांच्याजवळ गेले. "तांडेल, आता काय?"

"आता काही नाही. मुकी होडी आहे ही. आत काय कुजलंय ते मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय मी तीन माणसं घेऊन बाहेर जात नाही. चार दिवस किनारा खडकाचा आहे, बाई. मधे कुठे थांबता येत नाही. मोडू देत तिला यंत्राने."

हे ते इतक्या तिटकाऱ्याने म्हणाले की होडी त्यांना नकोशीच आहे असं एखाद्याला वाटलं असतं. पण मी आयुष्यभर माणसांचे हात बघत आले. बोलता बोलता त्यांचे हात खुंटाला बांधलेल्या तिच्या दोराची गाठ घट्ट करत होते.

गबाळ्या धक्क्याच्या कडेला उकिडवा बसला होता. बराच वेळ तो नखातली घाण काडीने काढत राहिला. मग म्हणाला, "मला विचारा की."

"तुला काय विचारू? तुझ्या नाकाला उंदीर आणि गुलाब एकच."

"नाकाला नाही. हाताला. मी सगळी घासलीय ना. सगळीकडे ब्रश खडखड वाजत होता, दगडावर घासल्यासारखा. एका जागी वाजला नाही. आत गेला. मला वाटलं मळ आहे. काढतोय काढतोय, मळच निघतोय, तपकिरी, पावासारखा. मी मनात म्हटलं, भाऊजींच्या खाली एवढा मळ कसा."

"कुणाच्या खाली?"

"तुमच्या कोपऱ्यात."

तांडेल हसले. इतक्या वर्षांत त्यांना मी क्वचितच हसताना पाहिलं होतं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "त्या होडीत एक जागा स्वच्छ असेल तर ती माझी," ते म्हणाले. "दर वेळी आत सरकत सरकत मी तिथे पोचलो की मला बरं वाटतं. तिथे साबणाचा वास येतो."

"येत असेल," गबाळ्या म्हणाला. "पण ब्रश आत गेला."

तांडेल उठले. चाकू घेतला आणि फिनेलच्या त्या वासात परत उतरले, पंचा नाकाला बांधून. मी वरून वाकून पाहत होते. त्यांनी आपल्या फळीच्या खाली, होडीच्या बरगडीवर, चाकूचं टोक ठेवलं. ढकललं नाही, नुसतं ठेवलं. चाकू मुठीपर्यंत आत गेला.

ते तसेच थांबले. मग चाकू ओढून काढला आणि पात्यावर आलेला ओला तपकिरी भुगा नाकाजवळ नेला. फिनेलमधूनही त्यांना वास आला असावा. ते म्हणाले, "साबण."

होडीसुतार शेजारच्या धक्क्यावरच होता. त्याला हाक मारली. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं, बोटं खुपसून पाहिलं, एक वीतभर फळी आणि दोन बरगड्या हाताने तोडून बाहेर काढल्या. भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या त्या त्याच्या मुठीत चुरगळल्या. आत पांढऱ्या बुरशीचे धागे होते आणि गुबगुबीत, डोळे नसलेल्या अळ्या. मी मान वळवली. नवलाची गोष्ट, तांडेलांनी मान वळवली नाही.

"बाकी होडी लोखंड आहे," सुतार म्हणाला. "खारं पाणी मुरून मुरून टणक झालीय. पुढची डावी बाजू तर बघा, खिळा वाकतो. फक्त इथेच गोडं पाणी मुरलंय, वर्षानुवर्षं. थेंब थेंब. खारं पाणी लाकूड टिकवतं, गोडं खातं. हे मी तुम्हाला सांगायचं का, तांडेल?"

सांगायची गरज नव्हती. पावसाचं पाणी होडीत एक रात्र राहिलं तरी ते खलाशांना झोपेतून उठवून उपसायला लावायचे, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. पण हात धुतलेलं पाणी त्यांनी कधी पाणी धरलंच नव्हतं. तो स्वच्छपणा होता. दिवसातून वीस वेळा, तीस वर्षं, ते आपल्या होडीवर गोड्या पाण्याची धार सोडत होते, आणि त्यांचं नाक, ज्याला बंदरातला कुठलाही वास चुकत नसे, दर सफरीआधी त्या सडक्या जागेपाशी येऊन विसावत होतं.

फिनेल नसतं तर काय झालं असतं, हे आम्हा तिघांनाही एकाच वेळी सुचलं. वास घेऊन ते वर आले असते, हात झटकले असते आणि म्हणाले असते, ठीक आहे, चला.

त्यांनी आपले दोन्ही हात वर उचलले आणि हुंगले. तळवे, मग पाठी. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी टोपांच्या पेटीपाशी पाहिलं होतं, चहाच्या कपापाशी पाहिलं होतं, गबाळ्याच्या जेवणापाशी रोज पाहिलं होतं. स्वतःच्या हातांपाशी कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या दुपारपर्यंत होईल?" त्यांनी सुताराला विचारलं.

"बरगड्यांना बाजूने जोड देतो. सांध्यात काथ्या ठोकू, डांबर भरू, बाहेरून तांब्याचा पत्रा मारू. चार दिवसांसाठी चालेल. पण फळी हवी. मुरलेली, जुनी. नवं लाकूड ओलाव्याने फुगेल आणि सांधे उघडेल. माझ्याकडे नाही." सुताराने होडीवरून नजर फिरवली आणि ती पुढे डावीकडे जाऊन थांबली. "ती बघा. ती चालेल."

ती गबाळ्याची बसायची फळी होती.

"तिच्यावर मी बसतो," गबाळ्या म्हणाला.

"तीस वर्षं बसलास म्हणूनच. खारं पाणी आणि माशाचं तेल पिऊन तयार झालीय. असलं लाकूड पैसे टाकून मिळत नाही."

सुताराने खिळे उपटले. फळी जड होती, दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मी पुढे झाले तर तांडेलांनी मला हाताने मागे सारलं. त्यांनी ते टोक धरलं. तेलकट, काळं, खवले लागलेलं. बोटं लगेच काळी झाली. ते तोंड वाकडं करून, श्वास रोखून, ती फळी होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेऊन गेले.

"जरा घासून घ्यायची का?" सुताराने विचारलं.

"कशानेही घासू नकोस," तांडेल म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आणि परत सकाळपासून काम चाललं. गबाळ्या काथ्या वळत होता, तांडेल सांध्यात ठोकत होते, मी डांबर ढवळत होते. ते काळं, चिकट, पोटात गोळा आणणारं डांबर माझ्या केसात बसलं आणि पुढे महिनाभर निघालं नाही. शुक्रवारी दुपारी पाणी चढलं. कारकून धक्क्यावर आला, जिभेला बोट लावून त्याने वहीचं पान उलटलं आणि निघण्याची वेळ लिहिली. गोदीच्या तोंडाशी तळ गाळाला लागला. खालून ढेकर दिल्यासारखा आवाज आला, बुडबुडे आले, आणि चार वर्षांचा सगळा कुजका वास आमच्यावर उसळला. क्षणभर होडी अडकली. गबाळ्याने दोराने शिडाची आडवी काठी वर ओढली, शीड चढलं, राजवाड्याची खिडकी वाऱ्याने फुगली, आणि आम्ही बाहेर आलो.

दोन तास गेले. मग तांडेलांनी सुकाणूवरून विचारलं, "किती?"

गबाळ्या तळातून उपसून वर आला. "चार भांडी."

"खारं?"

त्याने बोट बुडवून चाखलं. "खारं."

"शी," तांडेल म्हणाले, पण मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाच भांडी निघाली, तिसऱ्या दिवशी चार. गबाळ्याला बसायला जागा नव्हती, म्हणून तो मधे, माझ्या मैत्रिणीच्या जागी, दोराच्या वेटोळ्यावर बसायचा आणि तोंड उघडं टाकून खायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी तांडेल सवयीने टाकीच्या नळाकडे वळले. नळ धरला. खाली, त्यांच्या पायाशी, ती काळी फळी होती. त्यांनी नळ सोडला, होडीच्या कडेवरून वाकले आणि समुद्रात हात धुतले. ते वाळून पांढरे झाले तेव्हा त्यांनी बोटं फाकवून बघितली आणि अंग शहारलं.

"चिकट वाटतं ना, भाऊजी?" गबाळ्याने विचारलं.

"तोंड मिटून खा."

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. लेक धक्क्यावर उभी होती. दोर झेलून तिने बांधला, होडीत उडी मारली, बापाच्या गळ्यात पडली आणि झटकन मागे सरली. नाक थेट त्यांचं.

"बाबा, तुम्हाला वास येतोय."

"येऊ दे. आधी हिचा घे."

तिने काही विचारलं नाही. फळी उचलून ती आत उतरली, आणि आम्ही वरून बंद केली. तांडेल कडेला बसले. पाव तास गेला. गबाळ्या पाव मोडत होता. त्याने अर्धा पुढे केला, तांडेलांनी मान हलवली, त्याने तो मला दिला. मी खाल्ला.

लेक बाहेर आली. केस विस्कटलेले, हाताला डांबर.

"काय?" तांडेल म्हणाले.

"फिनेल."

"आणि?"

"मागे माशाच्या तेलाचा वास आहे, भयंकर. बाकी काही नाही. चांगली आहे होडी."

तांडेलांनी खुंटीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला. मग गबाळ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी दोन बाटल्या पुरेत."